स्टार्टरचा तडकलेला बॅकेलाइट चिकटवावा का, आणि तो वितळत का नाही?

नेर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं आहे : "काका, विहिरीवरच्या पाच एचपी मोटरीचा स्टार्टर उघडला तर आतला काळा भाग दोन पट्ट्यांच्या मधोमध तडकलेला दिसला. अरल्डाइट भरून चालवू का? एक जण म्हणाला वितळवून जोडता येते. मी गरम सळई लावून पाहिली, तर नुसता वास आला, वितळलं काहीच नाही. भंगारवालाही घेत नाही. हे बॅकेलाइट म्हणजे नेमकं काय असतं? घरी आजोबांचा जुना रेडिओ आहे, त्याची पेटी पण याचीच आहे म्हणतात. तिची चमक परत आणता येईल का?"

भाऊ, आधी स्टार्टरचं सांगतो, कारण ओलिताचे दिवस आहेत आणि तू तो आज रात्रीच परत बसवशील. चिकटवू नको. तो भाग बदल. तुझा तडा दोन फेजांच्या मधे आहे. तिथे ४१५ व्होल्ट असतात. अशा जागचा तडा म्हणजे वखराच्या दांडीला गेलेला तडा नव्हे, की बांधून घेतला आणि हंगाम काढला.

टॉर्च घे आणि उजेड तिरपा टाकून तड्याचा काठ बघ. काळ्यावर काळं असल्यानं समोरून दिसत नाही. तिरप्या उजेडात बाकीचा भाग चमकतो आणि तेवढी रेघ काजळीसारखी मंद दिसते. त्या रेघेला झाडाच्या मुळीसारखे बारीक फाटे फुटलेले असतील, तर तो नुसता तडा नाही. वीज चालून चालून पडलेली ती पायवाट आहे. ती अशी पडते : स्टार्टरच्या पेटीत धूळ बसते, मोटरघरात युरियाची पोती ठेवलेली असली तर त्याची पूड बसते, पहाटे दव पडतं आणि या सगळ्याचा ओलसर थर तयार होतो. या थरातून अगदी थोडी वीज झिरपते. तिच्या उष्णतेनं थर मधे मधे वाळतो, वाळलेल्या जागी बारीक ठिणगी पडते आणि ठिणगीखालचं बॅकेलाइट जळून कोळसा होतं. कोळशातून वीज वाहते. मग पुढची ठिणगी थोडी पुढे पडते. महिनोन्‌महिने हे चालतं आणि एका पहाटे दोन्ही पट्ट्या त्या रेघेनं जोडल्या जातात. यावर अरल्डाइट भरणं म्हणजे सापाच्या बिळावर शेणानं सारवणं. साप आतच राहतो.

हे मी स्वतः केलेल्या चुकीतून शिकलो. मोटरी दुरुस्तीचं दुकान टाकून मला तीनच वर्षं झाली होती. दिग्रसकडच्या एका वावरातून असाच स्टार्टर आला. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, आतली बॅकेलाइटची तसली प्लेट आमच्याकडे मिळेना, यवतमाळहून आणायची तर दोन दिवस जाणार. मी काळी रेघ पेट्रोलनं पुसली, पॉलिश पेपरनं चांगली घासली, इपॉक्सी, म्हणजे अरल्डाइटच्याच जातीचा डिंक, भरलं. वीज कुठं झिरपते का ते मोजायचं यंत्र, म्हणजे मेगर, फिरवला, काट्यानं चांगलं दाखवलं. स्टार्टर देऊन टाकला. पंधरा-वीस दिवसांनी दव पडलेल्या एका पहाटे एक फेज त्या घासलेल्या जागेवरून पत्र्याच्या पेटीवर उतरली. पेटीची अर्थिंगची तार केव्हाच तुटलेली होती आणि मी ती तपासायला गेलो नव्हतो. बाजूला बांधलेल्या बैलाची मान पेटीला लागली. जोडीतला एक बैल जागच्या जागी गेला. तो शेतकरी मला शब्दानंही बोलला नाही. बैलाचे पैसे मी दोन दिवाळ्यांपर्यंत फेडले. पण उरलेला बैल महिनाभर नीट चारा खाईना, हे त्यानं सांगितलं तेव्हाचा त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मेगरनं चांगलं दाखवलं, ते दुकानातल्या कोरड्या दुपारी. वावरातली पहाट मेगरला कळत नाही. आणि मी जे घासलं, त्यानंच काम जास्त बिघडवलं. ते का, हे बॅकेलाइट कसं बनतं ते कळल्याशिवाय समजणार नाही. म्हणून आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

गुळाची ढेप तापवली तर पातळ होते, थंड केली की परत ढेप. शंभर वेळा करा. मेण तसंच, लाख तशीच, पाण्याचा पाइप ज्याचा असतो ते पीव्हीसी आणि बादलीचं प्लास्टिकही तसंच. विटेचं तसं नसतं. कच्ची वीट पावसात विरघळते, तिचा परत चिखल करून दुसरी थापता येते. पण एकदा भट्टीतून निघाली की तिची माती होत नाही. बॅकेलाइट हे विटेच्या जातीचं आहे. साच्यात तापवताना ते एकदाच मऊ होतं, साच्याचा आकार घेतं आणि त्याच उष्णतेनं कायमचं घट्ट होतं. तू सळई लावलीस तेव्हा ते तुझ्या जन्माच्या आधीच कधीतरी 'भाजून' झालेलं होतं.

आतली गोष्ट अशी. यात दोन मूळ पदार्थ असतात, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. पूर्वी लाल साबणाला जो दवाखान्यासारखा वास यायचा, तो याचाच. दगडी कोळशाचा कोक करताना जे डांबर निघतं, त्यातून ते काढत. फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळवलं की फॉर्मलिन. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत साप ठेवलेला असायचा, तो ज्या पाण्यात बुडवलेला असे ते. तुला सळईखाली आलेला वास या दोघांचा. फिनॉलच्या प्रत्येक कणाला तीन जागी दुसऱ्याचा हात धरता येतो आणि फॉर्मल्डिहाइड दोन फिनॉलांच्या मधे पूल बांधतं. तीन-तीन जागी पूल बांधले गेले की नुसती दोरी तयार होत नाही, सगळ्या बाजूंनी विणलेली जाळी होते. सुटी सुंभाची दोरी ओढली तर सरकते. बाज विणून ताणल्यावर त्यातली एक दोरी वेगळी सरकवून दाखव बरं. गुळाचे कण तापल्यावर एकमेकांवरून घसरतात म्हणून गूळ वितळतो. बॅकेलाइटच्या जाळीला घसरायला जागाच नाही. फार तापवलं तर वितळायच्या आधीच ती तुटते आणि जळून कोळसा होते.

आमच्या धंद्यात हे रोज डोळ्यांसमोर घडतं. मोटरीत नवी तार भरली की ती गुंडाळी, म्हणजे वायंडिंग, वार्निशमध्ये बुडवतो आणि भट्टीत भाजतो. भाजायच्या आधी वार्निश थिनरनं धुऊन निघतं. भाजल्यावर तेच वार्निश छिन्नीनं काढावं लागतं. वार्निश वेगळं, पण आत विणल्या जाणाऱ्या जाळीचं तत्त्व तेच.

आता हे निघालं कुठून. याची सुरुवात लाखेपासून होते आणि लाख ही आपल्या ओळखीची. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर, कुसुमावर लाखेचे किडे बसतात, फांदीतला रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडतात. फांदी खरवडून ती राळ काढली, धुतली, गाळली की लाख. सोनार पोकळ दागिन्यात ती भरतो, सुतार स्पिरिटमध्ये चपडी, म्हणजे लाखेच्या पापुद्र्या, विरघळवून पॉलिश करतो, पोस्टात पार्सलावर तिचंच शील बसायचं, बांगड्या तर आहेतच. लाखेतून वीज जात नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत विजेची यंत्रं वाढली तशी लाखेची मागणीही वाढत गेली. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेत दगडाची पूड मिसळून केलेल्या असत, म्हणून तर त्या हातातून पडल्या की फुटायच्या. ही लाख जायची जवळजवळ सगळी हिंदुस्थानातून आणि आसपासच्या देशांतून. हजारो किडे सहा-सहा महिने खपणार तेव्हा मूठभर लाख निघणार. मागणी वाढली म्हणून किडे काही जोरात काम करत नाहीत. भाव चढले, आणि लाखेला पर्याय शोधणारा माणूस श्रीमंत होणार हे सगळ्यांना दिसू लागलं.

लिओ बेकलंड हा तो माणूस. १८६३ साली बेल्जियममधल्या घेंट गावी जन्मला. बाप चांभारकाम करायचा, आई लोकांच्या घरी कामाला. पोरगा मात्र एकविसाव्या वर्षी रसायनशास्त्रात डॉक्टर झाला, पुढे अमेरिकेला गेला आणि तिथं त्यानं दिव्याच्या उजेडात छापता येईल असा फोटोचा कागद काढला. १८९९ साली कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमननं तो धंदा विकत घेतला. बेकलंडकडे इतका पैसा आला की त्याला पुन्हा कुणाची नोकरी करायची गरज उरली नाही. न्यूयॉर्कजवळ योंकर्स गावात त्यानं घराशेजारीच प्रयोगशाळा थाटली आणि कृत्रिम लाखेच्या मागे लागला.

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र आले की राळेसारखं काहीतरी होतं, हे आधीच माहीत होतं. जर्मनीच्या आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच ते लिहून ठेवलं होतं. पण बायर यांना हवे होते रंग आणि शुद्ध स्फटिक, भांड्याला चिकटून बसणारी राळ नव्हे. नंतर ज्यांनी तिच्यापासून वस्तू करायचा प्रयत्न केला, त्यांची अडचण एकच. तापवलं की मिश्रण फसफसायचं, आत वाफ आणि वायू धरून राहायचे, आणि वस्तू ब्रेडसारखी भोकाभोकांची निघायची. म्हणून सगळे उष्णता कमी ठेवायचे. मग घट्ट व्हायला दिवसच्या दिवस लागायचे.

बेकलंडनं उलटं केलं. उष्णता वाढवली, १४० अंशांच्या वर नेली, आणि भांडंच जाड लोखंडाचं बंद करून आत दाब धरला. दाबाखाली फसफसायला जागा नाही, आणि जास्त उष्णतेनं जाळी झपाट्यानं विणली जाते. आतून निघाला घट्ट, गुळगुळीत, अंबर नावाच्या पिवळसर राळेच्या खड्यासारखा तुकडा. तत्त्व तुझ्या घरच्या कुकरचंच. आणि त्या कुकरची मूठ आज याच मालाची असते, याचं मला दरवेळी नवल वाटतं. ते भांडं अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयानं जपून ठेवलं आहे. जुलै १९०७ मध्ये त्यानं उष्णता आणि दाबाच्या या रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कला रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत शोध जाहीर केला, डिसेंबरात पेटंट हातात पडलं आणि १९१० मध्ये कंपनी निघाली. इंग्लंडात जेम्स स्विनबर्न नावाचे विजेचे इंजिनियर याच वाटेनं चालले होते. ते अर्ज घेऊन गेले तेव्हा कळलं, बेकलंडचा अर्ज आदल्याच दिवशी आला आहे. एका दिवसानं हुकलं. पुढे ते इंग्लंडातल्या बॅकेलाइट कंपनीचे अध्यक्ष झाले. दोघं कोर्टात जन्म घालवू शकले असते. त्याऐवजी एकत्र आले, हे मला आवडतं.

बेकलंड शोधत होता पातळ लाखेचा पर्याय, आणि हाती आलं ते लाखेहून वेगळंच. लाख तापली की पाघळते. हे तापवल्यानं आणखी पक्कं होतं. त्यानं याच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिलीत ते पातळ किंवा वितळणारं असतं, स्पिरिटमध्ये विरघळतं. दुसरीत उष्णतेनं मऊ होतं, पण विरघळत नाही. तिसरीत दोन्ही संपलं. कारखान्यात पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतली राळ लाकडाच्या बारीक भुश्श्यात मिसळून तिची पूड करतात, पूड तापलेल्या पोलादी साच्यात भरतात आणि दाब देतात. काही मिनिटांत बल्बचा होल्डर तयार.

या भुश्श्याकडे नीट लक्ष दे, कारण तो बैल याच्यामुळेच गेला. वस्तूचा बराच भाग लाकडाचा भुस्सा असतो. साच्याच्या तापलेल्या भिंतीला लागून राळेचा पातळ, चकचकीत थर तयार होतो. तो थर म्हणजे वस्तूची कातडी. कातडी शाबूत तोवर पाणी आत जात नाही. मी पॉलिश पेपर मारला तेव्हा ती कातडीच सोलली. खालचा भुस्सा उघडा पडला आणि दवाचं पाणी प्यायला लागला. जळालेली रेघ मी काढली असेन, पण त्या जागी तिच्याहून रुंद ओली वाट तयार करून ठेवली. म्हणून सांगतो, विजेच्या कामातल्या बॅकेलाइटला पॉलिश पेपर लावू नको. कधीच नाही.

कंपनीनं याची जाहिरात 'हजार उपयोगांचा पदार्थ' अशी केली आणि खूण म्हणून इंग्रजी बी अक्षराखाली अनंताचं चिन्ह घातलं. त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. मोटारगाड्यांच्या डिस्ट्रिब्यूटरचं टोपण, टेलिफोन, रेडिओच्या पेट्या, स्विचं, प्लग, मीटरच्या खोक्या, इस्त्रीच्या मुठी. मी ज्या मेगरवर शिकलो, त्या हातानं फिरवायच्या मेगरची पेटीही बॅकेलाइटचीच होती. १९२४ मध्ये बेकलंडचा चेहरा 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला. त्याच वर्षी आपल्याकडे रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनाची संस्था उभी राहिली. लाख काही संपली नाही, आजही झाडावरून उतरवली जाते, गोळ्यांच्या आणि मिठाईच्या चकाकीत जाते. पण विजेच्या कामातली तिची जागा गेली ती गेलीच.

आपल्या घरात हे न ओळखता किती ठिकाणी आहे बघ. टेबलावरचा सनमायका फुटला असेल तर कडेला बघ. वर रंगीत पातळ थर, खाली तपकिरी जाड थर. तो तपकिरी थर म्हणजे फिनॉलच्या राळेत भिजवून, एकावर एक रचून, दाबून भाजलेले कागद. वरचा रंगीत थर मेलामाइन नावाच्या दुसऱ्या राळेचा. असा पत्रा अमेरिकेत १९१३ च्या सुमारास निघाला तो फर्निचरसाठी नव्हे, विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला. अभ्रकाला इंग्रजीत मायका म्हणतात. मायकाऐवजी, म्हणून त्याचं नाव फॉर्मायका. मोटरीच्या टर्मिनलखालची तपकिरी पट्टी, जिला आम्ही सगळे 'हायलम' म्हणतो, ती त्याच घराण्यातली. हायलम हे मुळात हैदराबादच्या एका कंपनीच्या मालाचं नाव, आता कुणाच्याही शीटला चिकटलं आहे. पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडचा डिंक, ब्रेकच्या लायनरमध्ये भुकटी धरून ठेवणारी राळ, लोखंड कापायच्या चकतीतली राळ, जुन्या बल्बची काच पितळी टोपीला धरून ठेवणारं सिमेंट, या सगळ्यांत तीच आहे.

आणि कापूस. आपण पऱ्हाटीवाले, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. भुश्श्याऐवजी सुती कापड राळेत भिजवून, थरावर थर दाबून भाजलं की असा चिवट पत्रा होतो की त्यातून दातेरी चाक कापतात. लोखंडी चाकासमोर ते चालवलं की आवाज होत नाही. पूर्व जर्मनीत पोलादाच्या पत्र्याची टंचाई होती, तेव्हा त्यांनी ट्राबांट नावाच्या मोटारीचं अंगच फिनॉलची राळ आणि कापसाचा टाकाऊ तंतू दाबून केलं. १९५७ ते १९९१ अशा तीस लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. कापूस रशियाकडचा होता. पण जिनिंगच्या मागे उडणारा तंतू बघितला की मला त्या गाड्या आठवतात.

आता एक गोष्ट, जी मला या पदार्थाबद्दल सगळ्यात महत्त्वाची वाटते. बॅकेलाइट जळताना वितळून गळत नाही, जागच्या जागी कोळसा होतं. अंतराळातून परत येणाऱ्या यानाच्या तोंडावर फिनॉलची राळ मुरवलेलं कार्बनचं कवच लावतात, ते याच गुणासाठी. वरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच खालच्याला वाचवतो. धूमकेतूची धूळ घेऊन २००६ साली पृथ्वीवर उतरलेली स्टारडस्ट यानाची कुपी अशाच कवचामुळे शाबूत आली. तुझ्या स्टार्टरमध्ये तोच गुण उलटा पडतो. तिथं कोळसा व्हायला नको असतो. मेलामाइन किंवा युरियाच्या राळेचे भाग अशा ठिणगीला पुष्कळ जास्त टिकतात, म्हणून जिथं ठिणग्या उडतात तिथले भाग नंतर नंतर त्यांचे येऊ लागले. बॅकेलाइट वाईट नाही. त्याला कोरडं, स्वच्छ आणि सावलीत ठेवलं तर ते माणसाच्या आयुष्याइतकं टिकतं. माझ्या दुकानात चाळीस वर्षांपूर्वीचे स्टार्टर येतात, आतली प्लेट नव्यासारखी असते. अशा शेतकऱ्याचं मोटरघर बघावं, आत एक पोतं नसतं.

तेव्हा तुझ्यासाठी काम असं. मेन बंद करून फ्यूज काढून खिशात ठेव, कारण गेलेली लाइट तू पेटीत हात घातल्यावरच येते. तडकलेला भाग पूर्ण बदल, त्याच कंपनीचा त्याच नंबरचा. तडा कशानं गेला तेही शोध. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक प्लेटा नट ढिला राहून तापल्यानं किंवा नट फार कसल्यानं फुटलेल्या असतात. बॅकेलाइट दाब सोसतं, वाक सोसत नाही. नटाखाली वायसर घाल, तारेच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, लाव, पाना हातानं घट्ट होईतो फिरव, त्यावर पाय देऊ नको. पेटीचं तोंड पावसाच्या उलट दिशेला कर, तारेच्या भोकाला रबर बसव म्हणजे पाल आत जाणार नाही. खताची पोती तिथून आजच हलव. अर्थिंगची तार पेटीपासून खड्ड्यापर्यंत हातानं चाचपत जा. डोळ्यांनी बघून भागत नाही, मातीखाली तुटलेली असते.

बाजारात काळं दिसतं ते सगळं बॅकेलाइट नसतं, हेही लक्षात ठेव. होल्डर घेतला की टेबलावर टिचकी मारून बघ. बॅकेलाइटचा आवाज कपबशीसारखा टणक येतो, हलक्या प्लास्टिकचा भद्द येतो. खात्री करायची तर मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथं, सोल्डरिंगचं तापलेलं टोक क्षणभर टेकव. रुतलं तर ते वितळणारं प्लास्टिक. साध्या बल्बच्या उष्णतेनंही असला होल्डर मऊ पडतो आणि आतल्या पितळी पिना एकमेकींकडे झुकतात.

चिकटवायचंच असेल तर कुठं चिकटवावं? जिथं वीज नाही आणि आच नाही तिथं. रेडिओच्या पेटीचा कोपरा, घड्याळाची चौकट, टेलिफोनचं बूड. दोन ट्यूबवालं इपॉक्सी घे, चोवीस तास हलवू नको. कुकरची मूठ मात्र चिकटवू नको. घरी लावलेलं इपॉक्सी आचेजवळ मऊ पडतं, आणि वाफेनं भरलेला कुकर उचलताना ती सुटली तर काय होईल ते सांगायला नको. मूठ सोड्याच्या कडक पाण्यात उकळूही नये, तीव्र खारात हा माल खराब होतो.

भंगारवाला घेत नाही, कारण भाजलेल्या विटेची जशी माती होत नाही, तसा याचा दुसरा माल होत नाही. फार तर पूड करून नव्या मालात थोडी भर घालता येते. पण आतल्या पितळेसाठी चुलीत टाकून जाळू नको. तुला सळईखाली जो वास आला, तेच वायू मणामणानं घरात भरतील. हातोडीनं फोडून पितळ काढ, पण माल ओला करून, आणि आचेजवळचे जुने भाग मात्र फोडूच नको. त्या भागांत भुश्श्याऐवजी ॲस्बेस्टॉस घालत असत. त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

राहिला आजोबांचा रेडिओ. आधी ओळख. पेटीचा कोपरा गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पाच मिनिटं शेक आणि नाकाशी धर. तोच लाल साबणाचा वास आला तर बॅकेलाइट. पुसताना ओलं फडकं चालेल, पण भिजत घालू नको, भुस्सा फुगतो. चमक गेली ती उन्हामुळे आणि वर बसलेल्या मळामुळे. पितळ घासायचं पॉलिश मऊ सुती फडक्यावर अगदी थोडं घे आणि गोल गोल, हलक्या हातानं फिरव. फडक्यावर तपकिरी रंग येऊ लागला की थांब. मळ संपला, आता कातडी निघते आहे. शेवटी मेणाचा पातळ हात दे. तडा असेल तर आतल्या बाजूनं सुती कापडाची पट्टी इपॉक्सीत भिजवून लाव.

पण चमकवल्यावर लगेच प्लगात घालू नको. इतकी वर्षं बंद असलेल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेल्या, रेडिओतले कंडेन्सर खराब झालेले असतात, जाणत्याकडून तपासून घे. आणि बटणं बघ. त्या काळच्या काही सेटांत ट्रान्सफॉर्मर नसायचा, आतल्या लोखंडी सांगाड्यावर थेट मेनची वीज असायची. हात लावणाऱ्याला वाचवायचं काम ती बॅकेलाइटची पेटी आणि बॅकेलाइटची बटणं करायची. बटणाच्या अंगात एक बारीक स्क्रू खोल बसवलेला असतो, त्यावर मेण भरलेलं असतं. बोट त्या स्क्रूला लागू नये म्हणूनच ते मेण आहे. साफ करताना ते उकरून काढलं असेल तर परत भर. एखादं बटण हरवलं असेल आणि नुसती लोखंडी दांडी बाहेर दिसत असेल, तर नवं बटण बसवल्याशिवाय घरातल्या कुणालाही त्या रेडिओजवळ जाऊ देऊ नको.